सर्वानुमते म्हणजे कोणाच्या मते?

मराठी राजकीय वृत्तलेखनात काही शब्द असे आहेत की, ते छापून आले की वाचकाने पुढे काही विचारू नये, अशी अपेक्षा असते. 'बिनविरोध', 'सर्वानुमते', 'एकमुखाने', 'पक्षश्रेष्ठींच्या आदेशानुसार' हे ते शब्द. अमुक पक्षाचा अध्यक्ष एकमताने निवडला गेला असे आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या एकमतात किती जणांची मते होती, ती कोणी मागितली, कोणी मोजली आणि 'नाही' म्हणण्याची मुभा कोणाला होती, हे प्रश्न बातमीत नसतात. खरे तर ते उपस्थित होऊ नयेत यासाठीच हे शब्द योजलेले असतात.

आम्ही भाषा शिकवणारे. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरातून ठरतो, हे दरवर्षी पहिल्या काही तासांतच सांगून मोकळे होतो. वृत्तपत्रीय भाषेवरच्या एका तासाला आमच्यापैकी एकाच्या वर्गातील विद्यार्थिनीने विचारले, "सर, सर्वानुमते म्हणजे सगळ्यांना विचारलं होतं का?" वर्ग हसला, सरही हसले. नंतर स्टाफरूममध्ये ही हकिगत ऐकताना मात्र आमच्या ध्यानात आले की, त्या मुलीने विचारलेला प्रश्न आम्ही स्वतः कधी विचारला नव्हता. प्रस्तुत लेख हे तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

आमचे म्हणणे एका वाक्यात असे: ज्या पक्षाचा नेता सभासदांनी मते मोजून निवडलेला नाही, तो पक्ष सभासदांचा नसतो. पक्ष सुखाने नांदत असतो तोवर ही गोष्ट झाकलेली राहते. तो फुटला की उघडी पडते. महाराष्ट्राने ती २०२२ ते २०२४ या काळात उघडी पडलेली पाहिली आहे, आणि तरीही तिच्यावर जितके बोलले जायला हवे होते तितके बोलले गेलेले नाही.

प्रथम ज्या पक्षाने निदान काही वेळा मतपेटी मांडली, त्याच्याकडे पाहू. जानेवारी १९३९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी सुभाषचंद्र बोस आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्यात लढत झाली. गांधीजींचा कौल सीतारामय्यांच्या बाजूने होता हे सर्वांना ठाऊक होते. प्रतिनिधींनी तरीही बोस यांना १५८० मते दिली आणि दोनशेहून अधिक मतांनी निवडून आणले. हा पराभव आपला आहे असे गांधीजींनी जाहीरपणे म्हटले. पुढच्याच महिन्यात कार्यकारिणीच्या बहुसंख्य सदस्यांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये त्रिपुरीच्या अधिवेशनात गोविंद वल्लभ पंतांचा ठराव मंजूर झाला आणि निवडून आलेल्या अध्यक्षाने आपली कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी असे ठरले. एप्रिलअखेर बोस यांनी अध्यक्षपद सोडले.

दुसरा प्रसंग १९५० चा, नाशिकच्या अधिवेशनाआधीचा. उमेदवार तीन: पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि महाराष्ट्रातले शंकरराव देव. टंडनांना १३०६ मते मिळाली, कृपलानींना १०९२ आणि देवांना २०२. टंडन हे पंतप्रधान नेहरूंना मानवणारे अध्यक्ष नव्हते. वर्षभर ताणाताण चालली. सप्टेंबर १९५१ मध्ये टंडनांनी राजीनामा दिला आणि नेहरू स्वतःच पक्षाध्यक्ष झाले.

या दोन प्रसंगांवरून पक्षांतर्गत निवडणूक निरर्थक असते, तिने केवळ फूट पडते, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तो मान्य नाही. मतदानाने फूट निर्माण केली नाही. जी होती ती दाखवली. बिघाड मतमोजणीनंतर झाला. ज्यांच्या हाती पदाविना सत्ता होती, त्यांनी मतदारांचा निर्णय मानला नाही. आजार दाखवला म्हणून आरसा फोडायचा, हा उपाय मात्र पुढच्या पिढ्यांनी इमानेइतबारे अमलात आणला.

त्यानंतरचे आकडे पाहा. १९९७ साली सीताराम केसरी यांना ६२२४ मते मिळाली, शरद पवार यांना ८८२ आणि राजेश पायलट यांना ३५४. एवढ्या प्रचंड बहुमताने निवडून आलेल्या केसरींना मार्च १९९८ मध्ये कार्यकारिणीच्या ठरावाने दूर सारण्यात आले आणि सोनिया गांधी अध्यक्ष झाल्या. सहा हजारांहून अधिक प्रतिनिधींनी दिलेले पद मूठभरांच्या बैठकीने काढून घेतले, आणि त्या सहा हजारांपैकी किती जणांनी विचारले की आमच्या मताचे काय झाले? २००० साली सोनिया गांधींच्या विरोधात जितेंद्र प्रसाद उभे राहिले. निकाल ७४४८ विरुद्ध ९४. ज्या निवडणुकीत पराभूत उमेदवाराच्या वाट्याला शेकड्यात एक-सव्वा मत येते, तिथे मतदार निवड करत नसतो, हजेरी लावत असतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे यांना ७८९७ आणि शशी थरूर यांना १०७२ मते मिळाली. ४१६ मते बाद झाली. चोवीस वर्षांनी गांधी घराण्याबाहेरचा अध्यक्ष मिळाला, मतदान गुप्त झाले, पराभूत उमेदवाराला पक्षाबाहेर घालवले गेले नाही. उलट पुढच्या वर्षी थरूर कार्यकारिणीवर घेतले गेले. एवढे श्रेय द्यायलाच हवे. परंतु निवडणुकीआधी पक्षाच्याच काही खासदारांना मतदारयादी दाखवा अशी लेखी मागणी करावी लागली, हेही विसरता येत नाही. मतदार कोण हेच ज्या निवडणुकीत उमेदवाराला मागून घ्यावे लागते, तिथे त्याने मत मागायचे कोणाकडे? शिवाय हे मतदार म्हणजे प्रदेश समित्यांचे नऊ-दहा हजार प्रतिनिधी. वर्गणी भरून पावती घेणारा सामान्य सभासद या चित्रात नाहीच. त्याने प्रतिनिधी निवडावा आणि प्रतिनिधीने अध्यक्ष, ही कागदावरची साखळी. तिचा पहिलाच दुवा तपासून पाहिला, तर तिथेही बहुतेकदा 'सर्वानुमते' हाच शब्द सापडतो.

तरीही काँग्रेसवर टीका करणे सोपे आहे. तिथे निदान टीका करायला आकडे आहेत. १९८० साली स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षात राष्ट्रीय अध्यक्षपदाची निवडणूक रीतसर जाहीर होते, अर्ज मागवले जातात, निर्वाचन अधिकारी नेमला जातो, आणि अर्ज एकाच नावाचे येतात. जगत प्रकाश नड्डा जानेवारी २०२० मध्ये असेच बिनविरोध अध्यक्ष झाले. तीन वर्षांची मुदत जानेवारी २०२३ मध्ये संपली, तेव्हा ती वाढवण्यात आली. शिस्तबद्ध पक्ष अशी ज्याची ख्याती, त्याच्या शिस्तीत दुसऱ्या अर्जाला जागा नसावी, हा योगायोग नव्हे. प्रादेशिक पक्षांची गोष्ट याहून सरळ. आंध्र प्रदेशातील वायएसआर काँग्रेसने २०२२ साली आपल्या नेत्याला तहहयात अध्यक्ष केल्याचे वृत्त आले आणि निवडणूक आयोगाला असे पद लोकशाहीविरोधी आहे हे सांगावे लागले. त्या पक्षाने इतरांच्या मनातले उघड केले, एवढाच काय तो फरक.

आता आपल्या अंगणात येऊ. २ मे २०२३ रोजी मुंबईत शरद पवारांच्या 'लोक माझे सांगाती' या आत्मचरित्राच्या सुधारित आवृत्तीचा प्रकाशन समारंभ होता. त्या व्यासपीठावरून त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून निवृत्त होत असल्याचे जाहीर केले. सभागृहात कार्यकर्ते रडले, घोषणा झाल्या, ठिय्या देऊन बसले. पुढचा निर्णय करण्यासाठी ज्येष्ठांची समिती होती. तिने ५ मे रोजी राजीनामा नामंजूर केला आणि पवारांनी तो मागे घेतला. साहित्याच्या अभ्यासकांनी हा प्रसंग संहितेसारखा वाचून पाहावा. त्यात अश्रू आहेत, विनवणी आहे, समिती आहे. एक गोष्ट मात्र कोणालाच सुचली नाही: सभासदांना विचारून पुढचा अध्यक्ष निवडणे. १९९७ साली ज्यांनी मतपेटीतून पक्षाध्यक्षपदाकडे जाऊ पाहिले, त्यांनीच १९९९ मध्ये स्थापन केलेल्या या पक्षात अध्यक्षपदासाठी एकदाही लढत झाली नव्हती. रडणाऱ्या कार्यकर्त्याला आपले मत असू शकते याची सवयच नव्हती. त्याच्यापाशी भावना होती, तीच त्याने दिली. दोन महिन्यांनी, २ जुलैला, पक्ष फुटला.

त्याआधी जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली होती. दोन्ही बाजूंनी 'खरा पक्ष आम्हीच' असा दावा केला. निवडणूक आयोगापुढे प्रश्न आला तेव्हा संघटनेत बहुमत कोणाचे, हे पाहण्याची सोय असायला हवी होती. १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात आयोगाने म्हटले ते थोडक्यात असे: या पक्षाच्या २०१८ मधील घटनादुरुस्तीत पदाधिकारी लोकशाही पद्धतीने निवडले जाण्याची व्यवस्था उरलेली नाही, जिथे नेमणारा आणि नेमलेल्यांकडून निवडला जाणारा एकच असतो, तिथे संघटनेतील बहुमताची कसोटी विश्वासार्ह ठरत नाही. मग उरली विधिमंडळातील संख्या. ५५ पैकी ४० आमदार एकनाथ शिंदे यांच्या बाजूने होते. पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण त्यांना मिळाले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसच्या बाबतीतही आमदार-खासदारांच्या संख्येवरच निर्णय झाला आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाकडे गेले.

हे निर्णय योग्य की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि कोणत्याही गटाची वकिली करण्याचा आमचा मानस नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. या साऱ्या गणितात शाखेवर वीस-वीस वर्षे बसलेला, पोस्टर चिकटवणारा, मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरणारा माणूस कुठे मोजला गेला? पक्ष एकसंध असताना त्याला कोणी मत विचारले नाही. पक्ष फुटल्यावर त्याच्याकडून प्रतिज्ञापत्रावर निष्ठा लिहून घेतली गेली. प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे दिल्लीला गेले आणि शेवटी मोजले गेले ते आमदारच. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा आयोगाने आणि पुढे १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संघटना आणि विधिमंडळे या दोन्ही ठिकाणचे बहुमत पाहिले होते. त्या वेळी संघटनेत मोजण्यासारखे काही होते. अर्धशतकानंतर आपल्या पक्षांनी संघटना नावाची गोष्ट अशी पोकळ केली की, तिचे वजन काट्यावर येईना. ज्या नेत्यांनी आपला पक्ष पळवला गेल्याचा आक्रोश केला, त्यांनीच त्या पक्षाची मालकी सभासदांच्या नावे कधी केली नव्हती. सातबारा एकाच्याच नावावर असेल, तर वाद वारसांचा होतो; गावाचा होत नाही.

यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, सभासदांना अक्कल नसते, ते लोकप्रिय पण नालायक माणूस निवडतात. यासाठी ब्रिटनचा दाखला हमखास दिला जातो, आणि तो खोटा नाही. काँग्रेसचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २० ऑक्टोबर २०२२ रोजी, लिझ ट्रस यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा जाहीर केला. हुजूर पक्षाच्या सभासदांनी त्यांना ऋषी सुनक यांच्याविरुद्ध ८१,३२६ विरुद्ध ६०,३९९ मतांनी निवडून दिले होते, आणि दीड महिन्यात सारे कोसळले. पण हा दाखला पुरता वाचावा. चूक कोणाची, किती मतांची, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक आहे. ती चूक आकड्यांत नोंदलेली आहे, म्हणून तिच्यावर वाद घालता येतो, नियम बदलता येतात. आपल्याकडे बंद दाराआड केलेली निवड चुकली, तर ती कोणाची चूक म्हणायची? श्रेष्ठींची चूक झाली असे ठराव कोणत्याच अधिवेशनात होत नाहीत.

दुसरा आक्षेप: निवडणुकीने गट पडतात. जणू बिनविरोध पक्षांत गट नसतात! महाराष्ट्रातले दोन्ही फुटलेले पक्ष एकमताचेच पक्ष होते. मनातला विरोध मतपत्रिकेवर उमटू दिला नाही, तर तो नाहीसा होत नाही. तो संधीची वाट पाहतो आणि एखाद्या रात्री आमदारांच्या बसमध्ये बसून परराज्यातील हॉटेल गाठतो. 'बिनविरोध' या शब्दाच्या पोटात काय असू शकते, हे गावपातळीवर तर उघडच दिसले आहे. २०२१ च्या आरंभी नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाला रद्द कराव्या लागल्या. कारण तिथे पदांचा लिलाव झाल्याचे समोर आले होते. लिलावानंतर विरोध राहत नाही, हे खरेच आहे.

तिसरा आक्षेप कायद्याचा: पक्ष ही खाजगी संघटना आहे, तिने नेता कसा निवडावा हा तिचा प्रश्न. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ साली पक्षनोंदणीचे कलम आले, त्यात लोकशाही तत्त्वांवर निष्ठा असल्याचे पक्षाने आपल्या घटनेत नमूद करावे अशी अट आहे. पण २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, असे वचन मोडल्याच्या कारणावरून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही. विधी आयोगाने १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदा करण्याची शिफारस केली होती. जर्मनीच्या राज्यघटनेत तर पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांशी सुसंगत असावी असा स्पष्ट दंडक आहे. ज्या संस्थेच्या पक्षादेशाने लोकांनी निवडून दिलेल्या आमदाराचे मत बांधले जाते, तिला खाजगी म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे. तथापि कायदा करणार कोण? ज्यांचे पद त्या कायद्याने धोक्यात येईल तेच. म्हणून कायद्याची वाट पाहत बसावे असे आम्हांस वाटत नाही.

आणि आता आमच्याविषयी. पक्षांना नावे ठेवणाऱ्या आम्हां साहित्यवाल्यांचे घर काचेचे आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष पूर्वी मतदानाने निवडला जाई. मतदार हजारभर, तेही घटक, संलग्न आणि समाविष्ट संस्थांनी ठरवलेले. प्रचार होई, हेवेदावे होत, गठ्ठा मतांचे आरोप होत. मोठे लेखक या धबडग्यात उतरायला नकार देत. २०१८ मध्ये साहित्य महामंडळाने निवडणूकच रद्द केली आणि जानेवारी २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची एकमताने निवड झाली. पुढे फ्रान्सिस दिब्रिटो, जयंत नारळीकर, भारत सासणे, नरेंद्र चपळगावकर, तारा भवाळकर अशी नावे आली. या नावांचा आम्हांस आदरच आहे. त्या वेळी आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या, हे कबूल करायला हवे. घाण संपली, असे आमच्यापैकी काहींनी स्टाफरूममध्ये म्हटलेही. पण मतदार थोडे आणि बांधलेले होते हा जर रोग होता, तर उपाय मतदार वाढवणे आणि मोकळे करणे हा होता. आपण मतदारच काढून टाकले. निवड चांगली झाली म्हणून पद्धत चांगली ठरत नाही. उद्या निवड वाईट झाली तर तक्रार कोणाकडे करायची, याचे उत्तर आपल्याकडे नाही, आणि नेमके तेच उत्तर पक्षाच्या कार्यकर्त्याकडेही नव्हते.

आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांचे काय? १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका थांबल्या आणि गुणांच्या आधारे प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्याने निवडणूक परत आणली ती प्रथम कागदावर. मधल्या काळात पिढ्याच्या पिढ्या वर्गप्रतिनिधीसुद्धा न निवडता पदवीधर झाल्या. त्यांतलेच काही आज पक्षांचे कार्यकर्ते आहेत. नेता निवडायचा असतो हे त्यांना कोणी, कधी, कुठे शिकवायचे होते?

पक्षांकडून आमच्या मागण्या फार नाहीत. सभासदांची यादी उघड असावी. मतदान गुप्त असावे. मुदत ठरलेली असावी आणि ती 'वाढवली' जाऊ नये. पराभूत उमेदवाराला गद्दार ठरवले जाऊ नये. आणि ज्यांनी पद दिले त्यांनाच ते काढून घेता यावे. या पाच गोष्टी ज्या पक्षात नाहीत, त्या पक्षाच्या नेत्याने लोकशाही धोक्यात असल्याचे भाषण केले, तर श्रोत्यांनी त्याला एवढेच विचारावे की, तुम्हांला कितीजणांनी निवडले आणि कितीजणांनी नाकारले? दुसरा आकडा सांगता येत नसेल, तर पहिल्याला अर्थ नाही.

तोवर निदान आम्ही आमच्या हाती असलेले करू. निबंध तपासताना 'सर्वानुमते' या शब्दाखाली लाल रेघ ओढून समासात लिहू: किती मतांनी?